‘मिश्र विवाह’ या रकान्यातील आम्ही दोघे

वधू आणि वर या दोघांचाही बाप्तिस्मा झालेला असला, तरी त्यांपैकी एक कॅथलिक आणि दुसरा अन्य चर्चचा असेल, तर त्यांचा विवाह कॅथलिक चर्चच्या दफ्तरी ‘मिश्र विवाह’ म्हणून नोंदला जातो. आमच्या दोन्ही घरांना हे ऐकून माहीत होते; त्या नोंदीपर्यंत पोहोचण्यासाठी काय काय पार पाडावे लागते, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. मी चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रॉटेस्टंट चर्चच्या अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील एका मंडळीत, म्हणजे स्थानिक चर्चमध्ये, वाढले आणि माझे पती वसईतील सामवेदी कॅथलिक कुटुंबातले. पुण्यात नोकरीच्या निमित्ताने आमची ओळख झाली आणि आम्ही आपापल्या घरी सांगितले, तेव्हा दोन्हीकडून पहिले उत्तर जवळजवळ सारखेच आले: “ख्रिस्तीच आहेत ना, मग हरकत नाही.” या होकारापासून विवाहापर्यंत जे घडले त्याविषयी मी लिहीत आहे. ख्रिस्ती ऐक्यावरची प्रवचने मी लहानपणापासून ऐकली होती. ते ऐक्य प्रत्यक्षात कोणत्या कागदावर, कोणत्या बैठकीत आणि कोणाची नाखुशी पत्करून घडवावे लागते, हे मला या काळात दिसले.

सुरुवात पतींच्या धर्मग्रामातून, म्हणजे त्यांच्या स्थानिक कॅथलिक चर्चमधून, झाली. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या कायदासंहितेतील ११२४ वे कलम असे सांगते की, असा विवाह अधिकारी व्यक्तीच्या, म्हणजे व्यवहारात बिशपांच्या किंवा त्यांनी नेमलेल्या धर्मगुरूंच्या, स्पष्ट परवानगीशिवाय करता येत नाही. परवानगीचा अर्ज धर्मग्रामाच्या फादरांमार्फत जातो आणि त्यासोबत दोघांचे बाप्तिस्म्याचे दाखले, दोघेही विवाहास मोकळे असल्याची खात्री देणारी पत्रे, साक्षीदारांचे जबाब आणि विवाहपूर्व चौकशीपत्र जोडावे लागते. माझा दाखला आमच्या पाळकसाहेबांनी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनी, जुन्या नोंदवहीतून उतरवून दिला. त्यावर फादरांनी एवढेच विचारले की, बाप्तिस्मा पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने झाला होता काय. तो तसाच झाला होता, त्यामुळे विषय तेथेच संपला.

माझ्या आजीसाठी ही फार मोठी गोष्ट होती. नातीला पुन्हा बाप्तिस्मा घ्यायला लावतील आणि आपला बाप्तिस्मा खोटा ठरेल, या धास्तीने तिची झोप उडाली होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे कॅथलिक बिशपांच्या जागतिक सभेने, १९६४ साली काढलेल्या ऐक्यविषयक आदेशात कॅथलिकेतर बाप्तिस्मितांनाही ख्रिस्तात बांधव मानले आहे आणि त्यांच्याशी असलेले नाते अपूर्ण असले तरी खरे आहे असे म्हटले आहे, हे फादरांनी तिला स्वतः फोन करून सांगितले. आजीला परिषदेशी काही कर्तव्य नव्हते. एक कॅथलिक फादर आपल्याला फोन करतो याचेच तिला नवल वाटले, आणि तिच्या वयाच्या माणसांना ते का वाटावे हे समजण्यासारखे आहे. तिच्या तरुणपणी १९१७ ची जुनी संहिता लागू होती. तेव्हा असा विवाह झालाच तर तो साधारणपणे चर्चच्या वेदीसमोर होत नसे. सॅक्रिस्टीत (वेदीमागच्या तयारीच्या खोलीत) किंवा फादरांच्या बंगल्यावर, विधींचा थाट न करता तो उरकला जाई, आणि मुलांना कॅथलिक म्हणून वाढवण्याची हमी वधूवर दोघांकडूनही घेतली जाई. पोप सहावे पॉल यांनी ३१ मार्च १९७० रोजी काढलेल्या पत्राने हे बरेच बदलले. त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला नागपूर येथे सहा चर्चांचे एकीकरण होऊन आमचे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, हा केवळ योगायोग असला तरी माझ्या वडिलांना तो फार आवडतो आणि ते तो प्रत्येकाला सांगतात.

वडिलांच्या बोलण्याला आधार आहे. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८३१ मध्ये नगरला आले. त्यांच्यानंतर अँग्लिकन मिशन आले आणि जेझुइट फादरही आले. एकाच तालुक्यात, कधी एकाच गावात, या मिशनच्या लोकांनी वेगवेगळी प्रार्थनाघरे बांधली आणि वेगवेगळ्या शाळा काढल्या. अमेरिकन मिशनची मंडळी १९२४ मध्ये युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात गेली, आणि १९७० मध्ये ते चर्च व अँग्लिकन चर्च एका छत्राखाली आले. बालबाप्तिस्मा मानणारे आणि समजत्या वयातला बाप्तिस्माच खरा मानणारे, बिशप असलेले आणि बिशपपद नको म्हणणारे, असे सगळे त्या एकीकरणात होते, आणि दोन्ही पद्धतींना जागा ठेवूनच ते जमले. आजोबांनी मंडळीच्या कमिटीवर राहून त्या काळातल्या बैठका पाहिल्या होत्या. “एकमत झालं म्हणून एक झालो नाही, एक व्हायचं ठरवलं म्हणून मार्ग निघाला,” असे ते म्हणत. आमच्या विवाहाच्या बोलण्यात हे वाक्य वडिलांनी वापरले, पण ते स्वतःवर लागू करण्याची वेळ आली तेव्हा त्यांना ते जड गेले.

ती वेळ मुलांविषयीच्या वचनामुळे आली. कलम ११२५ प्रमाणे कॅथलिक पक्षाला जाहीर करावे लागते की, आपण आपल्या श्रद्धेपासून ढळण्याचे धोके दूर ठेवू, आणि होणाऱ्या सर्व मुलांचा बाप्तिस्मा व संगोपन कॅथलिक चर्चमध्ये व्हावे यासाठी आपल्याकडून शक्य ते सर्व करू असे प्रामाणिक वचन द्यावे लागते. दुसऱ्या पक्षाकडून आता सही घेतली जात नाही. त्याला या वचनाची पूर्ण कल्पना दिली आहे, एवढेच नोंदवतात. फादरांनी कागद वाचून दाखवला तेव्हा वडील माझ्यासोबत होते. त्यांनी विचारले, “फादर, म्हणजे माझ्या नातवंडांवर माझ्या मंडळीचा काहीच हक्क नाही, असंच ना?” फादरांनी गोड बोलून वेळ मारून नेली नाही. ते म्हणाले की, वचन कॅथलिक पक्षापुरते आहे, ‘शक्य ते सर्व’ या मर्यादेत आहे, आणि मुलीचाही स्वतःचा विवेक आहे हे चर्चला ठाऊक आहे. परंतु चर्चची अपेक्षा काय आहे याविषयी मी तुम्हाला अंधारात ठेवणार नाही.

त्यानंतर वडील बरेच दिवस या विषयावर बोलले नाहीत. आम्ही दोघांनी मात्र पुण्यात बसून यावर मनसोक्त भांडून घेतले. माझे म्हणणे असे होते की, ज्या चर्चने माझा बाप्तिस्मा खरा मानला, त्याच चर्चला माझ्या मुलांचा बाप्तिस्मा माझ्या मंडळीत झालेला का चालू नये? पतींचे म्हणणे होते की, ते वचन मनापासून देऊ शकत नसतील तर त्यांनी सही करू नये, आणि देऊ शकत असतील तर मी त्यांना त्यात एकटे पाडू नये. शेवटी असे ठरले की, मुलांचा बाप्तिस्मा कॅथलिक धर्मग्रामात होईल, आणि नगरला असताना ती माझ्यासोबत आमच्या मंडळीच्या संडे स्कूलला व उपासनेला येतील. ही अट समतोल नाही, असे माझे मत तेव्हाही होते आणि आजही आहे. परंतु ती लग्नापूर्वी, सर्वांसमोर आणि स्पष्ट शब्दांत मांडली गेली, हे मला फार मोलाचे वाटते. ज्या मिश्र कुटुंबांत हा प्रश्न पहिल्या बाळाच्या बारशापर्यंत कोणी काढतच नाही, त्यांची ओढाताण मी जवळून पाहिली आहे.

चौकशीपत्रात जातीचा रकाना नाही. प्रश्न मात्र विचारला गेलाच. वसईच्या सामवेदी समाजात अशी परंपरा सांगितली जाते की, त्यांचे पूर्वज ब्राह्मण होते आणि पोर्तुगीज अमलात, म्हणजे १५३४ ते १७३९ या काळात, ख्रिस्ती झाले. त्यांची कादोडी बोली, बायकांचा पूर्वापार लाल लुगड्याचा वेश, केळीच्या वाड्या आणि विहिरी, असे पिढ्यान्‌पिढ्या एका जागी रुजलेले त्यांचे जग आहे. आमचे पूर्वज नेवासे तालुक्यातले महार. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, दुष्काळाच्या आगेमागे, ते मिशनच्या शाळांमधून आणि प्रार्थनासभांमधून ख्रिस्ती झाले, आणि आम्ही ते कधी लपवलेले नाही. पतींच्या एका नातेवाइकांनी आमच्या समोरच, अगदी साध्या सुरात विचारले, “नगरकडचे ख्रिस्ती म्हणजे मूळचे कोण?” प्रॉटेस्टंट असण्याविषयी त्यांना काहीच अडचण नव्हती. सासूबाईंनी नंतर मला सांगितले की, माझ्या जागी कॅथलिकच असलेली पण दुसऱ्या समाजातली मुलगी असती, तरी हाच प्रश्न आला असता, कारण सामवेदी, वाडवळ, कोळी आणि ईस्ट इंडियन या वसई परिसरातल्या कॅथलिकांमध्येही परस्पर सोयरिकी आताआतापर्यंत विरळच होत्या.

येथे मला एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. माझ्या आईचे माहेर श्रीरामपूर तालुक्यातले. तिच्या शेजारची बहुतेक घरे कॅथलिक होती, दरवर्षी सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला जाणारी, आणि आमच्याच सारख्या वस्त्यांमधून आलेली. त्यांच्या मुलींची लग्ने आमच्या नात्यात झाली आहेत आणि तेव्हा फादर-पाळक, मिस्सा (कॅथलिकांची प्रभुभोजनाची उपासना) की आमची उपासना, यांवरून कधी मोठा वाद झाल्याचे आईला आठवत नाही. अंतर पडत होते ते चर्चांच्या हद्दीवर नव्हे, जातीच्या हद्दीवर. सरकारच्या १९५० च्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना अनुसूचित जातींची सवलत मिळत नाही. शिखांना १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये ती लागू झाली, ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने आम्हाला ती जात उरलेली नाही आणि सोयरिकीच्या दृष्टीने ती उरलेली आहे. मिश्र विवाहाच्या कागदपत्रांत या दुसऱ्या प्रकारच्या मिश्रणासाठी कोणतीही परवानगी मागितलेली नसते, आणि म्हणूनच ती कोणाकडून मिळवायची हेही कळत नाही.

सासऱ्यांनी यावर भाषण दिले नाही. प्रश्न विचारणाऱ्या त्या नातेवाइकांना घेऊन ते एका शनिवारी नगरला आले, आमच्याकडे राहिले, रविवारी उपासनेला शेवटपर्यंत बसले आणि दुपारी आमच्या चुलत्यांच्या घरी जेवले. त्या गृहस्थांचे मत पालटले असा दावा मी करणार नाही. ते लग्नाला आले. त्यांच्या घरातली एक शाखा आली नाही आणि अजूनही येत-जात नाही. पतींनी त्या शाखेची मनधरणी करण्याचे नाकारले, आणि मला वाटते ते योग्यच केले.

विवाह कोठे व्हावा यावर मात्र थोडक्यात तोडगा निघाला नाही. वडिलांची इच्छा होती की, आमच्या घराण्याच्या तीन पिढ्यांचा बाप्तिस्मा जेथे झाला, त्या मंडळीत पाळकसाहेबांनी विवाह लावावा. असे होऊ शकते. कॅथलिक विवाहविधीतच विवाह लावण्याच्या बंधनातून बिशप सूट देऊ शकतात, पण त्यासाठी गंभीर अडचण दाखवावी लागते आणि वेगळा अर्ज करावा लागतो. जे मुळीच होऊ शकत नाही, ते म्हणजे सकाळी एका चर्चमध्ये आणि संध्याकाळी दुसऱ्या चर्चमध्ये दोनदा शपथा घेणे, किंवा एकाच वेदीसमोर फादर आणि पाळक या दोघांनी मिळून आपापल्या विधीप्रमाणे संमती विचारणे. कलम ११२७ याला स्पष्ट मनाई करते. दोन्ही घरांची समजूत काढण्यासाठी असे दुहेरी विवाह गुपचूप लावल्याची उदाहरणे दोन्हीकडच्या नातेवाइकांनी आम्हाला आवर्जून सांगितली. पाळकसाहेबांनीच त्याला नकार दिला. ते म्हणाले, “एकदा देवापुढे दिलेला शब्द पुन्हा दिला, तर पहिला कच्चा होता असं होईल.” सूट मागण्याइतकी अडचण आपल्यापुढे नाही, हे वडिलांनी मग स्वतःच मान्य केले, आणि वसईत विवाह व पुढच्या आठवड्यात नगरला शपथांविना उपकारस्तुतीची उपासना, असे ठरले.

विवाहाची उपासना आखताना फादर आणि पाळकसाहेब प्रथमच समोरासमोर बसले. एक बाप्तिस्मित कॅथलिकेतर असेल तर विवाह साधारणपणे मिस्साविना, केवळ वचनाच्या, म्हणजे बायबलवाचन व प्रार्थनेच्या, उपासनेत व्हावा, असे १९९३ च्या कॅथलिक ऐक्यविषयक मार्गदर्शिकेत सांगितले आहे. वसईच्या पाहुण्यांना मिस्सा नसलेले लग्न अपुरे वाटेल, याची सासूबाईंना काळजी होती. पण मिस्सा ठेवली असती तर कम्युनियनच्या, म्हणजे प्रभुभोजनाची भाकर घेण्याच्या, वेळी अर्धे चर्च उठले असते आणि अर्धे बसून राहिले असते, आणि बसून राहिलेल्यांत वधूही असती. आमच्या मंडळीत प्रभुभोजनाच्या मेजावर इतर चर्चच्या सभासदांनाही बोलावले जाते. पतींना तेथे निमंत्रण आहे, पण त्यांचे चर्च त्यांना ते घेऊ देत नाही, आणि त्यांच्या चर्चमध्ये मला निमंत्रणच नाही. हे दुखते, आणि कोणत्याही उपासनेच्या आखणीने ते भरून निघत नाही. निदान लग्नाच्या दिवशी तो भेद चव्हाट्यावर मांडण्याची गरज नव्हती, यावर दोघे धर्मगुरू सहमत झाले.

बाकीची वाटणी सहज झाली. संमती फादरांनी विचारायची, शास्त्रपाठ माझ्या भावाने वाचायचा, मध्यस्थीची प्रार्थना आणि शेवटचा एक आशीर्वाद पाळकसाहेबांनी द्यायचा. गीतांवर अधिक वेळ गेला. वसईच्या गायकवृंदाला गिटार आणि कीबोर्ड हवे होते, आमच्याकडच्यांना पेटी आणि तबला. शेवटी नारायण वामन टिळकांचे एक भजन निवडले, कारण ते दोन्हीकडच्या लोकांना पुस्तक न उघडता म्हणता येत होते, आणि ते पेटीवरच झाले. विवाहानंतर वधूवरांनी मरियामातेच्या पुतळ्यापाशी फुले वाहण्याची तिकडची प्रथा आमच्या घरात अवघड होती. आईने सुचवले की, त्या जागी लूकच्या पहिल्या अध्यायातले मरियेचे स्तोत्र वाचावे. पतींनी फुले वाहिली, मी शेजारी उभी राहून ते स्तोत्र वाचले, आणि ‘गर्विष्ठांची दाणादाण’ करणाऱ्या त्या ओळी वाचताना समोर कोण कोण बसले आहे हे पाहण्याचा मोह मला आवरला नाही.

विवाहपूर्व प्रशिक्षणाच्या वर्गात मी एकटीच कॅथलिकेतर होते. पैशांचे नियोजन, सासर-माहेर, कायदा असे विषय उपयोगी होते. कुटुंबनियोजनाच्या सत्रात दोन्ही चर्चांच्या शिकवणीतला फरक मी विचारला तेव्हा शिकवणाऱ्या डॉक्टरबाईंनी तो टाळला नाही. धर्मग्रामात रविवारच्या मिस्सात आमच्या विवाहाच्या घोषणा झाल्या, आणि आमच्या मंडळीतही पाळकसाहेबांनी त्या वाचल्या. परवानगीचे पत्र बिशपांच्या कार्यालयातून वेळेत आले.

स्वागतसमारंभातल्या टोस्टचा प्रश्न अखेरच्या आठवड्यात निघाला. मिशनच्या शिस्तीत वाढलेल्या आमच्या वडीलधाऱ्यांसाठी मंगलप्रसंगी मद्य म्हणजे अपमानच, आणि वसईत टोस्टविना लग्न झाले असे कोणी म्हणणार नाही. प्रत्येक मेजावर द्राक्षाचा रस आणि वाइन दोन्ही ठेवले, आणि कोणाच्या पेल्यात काय आहे हे कोणी पाहायचे नाही असे ठरले. माझ्या एका मामांच्या पेल्याविषयी नगरला अजून चर्चा चालू आहे.

भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा १८७२ चा आहे. त्याप्रमाणे विवाह सकाळी सहा ते संध्याकाळी सात या वेळात व्हावा लागतो, विशेष परवाना असल्याशिवाय. आमचा दुपारी चारला झाला. नोंदवहीवर आम्ही दोघांनी, साक्षीदारांनी आणि फादरांनी सह्या केल्या. कॅथलिक नियमाप्रमाणे विवाहाची नोंद पतींच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीतही करण्यात आली. फादरांनी तसेच पत्र आमच्या मंडळीलाही पाठवले, आणि पाळकसाहेबांनी माझ्या नावासमोर ती नोंद घेतली.

आम्ही आता पुण्यात राहतो. बहुतेक रविवारी पती मिस्साला आणि मी उपासनेला जाते. महिन्यातून एखाद्या रविवारी एकमेकांच्या चर्चमध्ये बसतो, आणि कम्युनियनच्या वेळी ज्याची पाळी नसते तो बाकावर थांबतो. मुलीचा बाप्तिस्मा ठरल्याप्रमाणे वसईला झाला. धर्ममाता पतींची बहीण झाली. माझ्या भावाला धर्मपिता होता आले नाही, कारण कलम ८७४ नुसार कॅथलिकेतर बाप्तिस्मित व्यक्तीला कॅथलिक धर्ममात्यापित्याच्या जोडीने केवळ साक्षीदार म्हणून उभे राहता येते. तो साक्षीदार म्हणून उभा राहिला, त्या रकान्यात त्याने सही केली, आणि नगरला परतल्यावर संडे स्कूलची लहान मुलांची सगळी पुस्तके भाचीच्या नावाने पाठवून दिली. पतींनी ती आमच्या पुण्यातल्या फादरांना दाखवली. फादरांनी त्यांतली दोन आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गासाठी मागून नेली आहेत आणि अद्याप परत केलेली नाहीत.